आकडा ठेवायचा कुठे?

फेब्रुवारी १९४६ मध्ये अमेरिकेतल्या फिलाडेल्फिया शहरात ‘एनिॲक’ हे यंत्र जगापुढे आलं. तेव्हापासून त्याच्याबद्दल ठरावीक आकडे सांगितले जातात: सुमारे १८ हजार व्हॉल्व्ह (निर्वात नळ्या), ३० टन वजन, १५० किलोवॅट वीज, सेकंदाला ५ हजार बेरजा. या आकड्यांच्या शेजारी आणखी एक आकडा हवा, आणि तो फार क्वचित दिसतो. गणित चालू असताना एनिॲकला बदलत्या संख्या स्वतःजवळ बाळगता येत त्या फक्त २०, प्रत्येकी १० अंकी. म्हणजे सगळे मिळून २०० अंक. एक संख्या धरून ठेवायची आणि तिच्यात बेरीज करायची, एवढं काम करणाऱ्या प्रत्येक संचात साडेपाचशेच्या आसपास व्हॉल्व्ह होते. गुणाकार केला तर लक्षात येतं की, या अवाढव्य यंत्रातले निम्म्याहून अधिक व्हॉल्व्ह त्या २० संख्यांच्याच तैनातीला होते. सुरुवातीच्या संगणकांचा इतिहास आपण वेगाचा इतिहास म्हणून वाचतो, किंवा ‘पहिला कोण’ या शर्यतीचा. माझं म्हणणं असं की, खरी गाठ तिथे नव्हतीच. आकडेमोड जलद कशी करायची, हे १९४० च्या दशकाच्या मध्यापर्यंत बऱ्यापैकी उमगलं होतं. केलेली आकडेमोड ठेवायची कुठे, आणि पुढे काय करायचं हे यंत्राच्या ध्यानात कसं ठेवायचं, हा प्रश्न मात्र सुटत नव्हता. या इतिहासातले मैलाचे दगड मेमरीच्या अंगाने पाहिले, तर त्यांचा क्रम बदलतो आणि काही विस्मृतीतली माणसं पुढे येतात.

ही अडचण एनिॲकच्या शंभर वर्षं आधीही ठाऊक होती. चार्ल्स बॅबेजने १८३० च्या दशकात ‘ॲनॅलिटिकल इंजिन’ची रचना मांडली, तेव्हा संख्या साठवण्याचा भाग आणि त्यांच्यावर प्रक्रिया करण्याचा भाग त्याने स्पष्टपणे वेगळे केले. साठवणीच्या भागात सुमारे हजार मोठ्या संख्या मावाव्यात, असा त्याचा बेत होता. प्रत्येक संख्येसाठी दातेरी चाकांचा एक उंच खांब. असे हजार खांब. हे इंजिन बॅबेजच्या हयातीत पूर्ण झालं नाही. त्यामागे पैशाची आणि स्वभावाची कारणं होतीच, पण एवढ्या संख्या पितळी चाकांवर साठवायच्या तर यंत्राचा पसारा कुठवर जातो, हेही त्या आराखड्यात दिसतं. पुढे १९४१ मध्ये बर्लिनमध्ये कोनराड त्सुझे या अभियंत्याने ‘झेड ३’ चालवून दाखवला. त्यात २२ बिटांच्या ६४ संख्या राहत, म्हणजे १,४०८ बिट. हे सगळं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये तेव्हा वापरत तशा रिलेंवर, त्यामुळे आकडेमोडीच्या भागापेक्षा मेमरीलाच जास्त रिले लागले. आज्ञा मात्र मेमरीत नव्हत्याच. त्या भोकं पाडलेल्या फिल्मच्या पट्टीवरून एकामागून एक वाचल्या जात. महायुद्धात ब्रिटनच्या ब्लेचली पार्कमध्ये जर्मन संदेश फोडणारा, टॉमी फ्लॉवर्स यांनी बांधलेला ‘कोलोसस’ पूर्णपणे इलेक्ट्रॉनिक होता. पण संदेश साठवायला त्याच्या पोटात जागाच नव्हती. म्हणून संदेशाच्या कागदी पट्टीची टोकं जोडून तिचं वेटोळं करायचं आणि ते सेकंदाला ५ हजार अक्षरांच्या वेगाने पुन्हा पुन्हा यंत्रापुढून फिरवायचं, असा तोडगा काढला गेला. तो चातुर्याचाच होता, पण मुळात तो मेमरी नसल्यामुळे काढावा लागला होता.

मेमरी अपुरी असली की वेग वाया जातो, याचा पुरावा एनिॲकनेच दिला. सेकंदाला ५ हजार बेरजा करणाऱ्या यंत्राला संख्या पुरवायच्या त्या पंच कार्डांवरून, आणि कार्डं मिनिटाला शंभर-सव्वाशे या गतीने आत जात. गणित २० संख्यांत मावलं तर ठीक. नाही तर मधली उत्तरं कार्डांवर भोकं पाडून बाहेर काढायची आणि पुन्हा आत घालायची. आज्ञांची कथा तर याहून बिकट. त्या ठेवायला जागा नसल्याने त्या यंत्राच्या जोडणीतच असत. नवं गणित घ्यायचं तर केबल उपसायच्या, नव्या खोबणींत खोचायच्या, स्विच फिरवायचे, आणि यात अनेकदा दिवसच्या दिवस जात. के मॅकनल्टी, बेटी जेनिंग्ज, बेटी स्नायडर, मार्लिन वेस्कॉफ, फ्रॅन बिलास आणि रूथ लिख्टरमन या सहा स्त्रियांनी हे काम केलं. एनिॲकचे अनेक फोटो छापले गेले, पण या सहाजणींची नावं त्यांच्याखाली येईपर्यंत अनेक दशकं गेली. यंत्राची तार न् तार ज्यांना ठाऊक होती, त्यांना एवढा काळ अनामिक राहावं लागलं, ही या इतिहासातली उघड अन्यायाची गोष्ट आहे.

एनिॲकच्याच आयुष्यातली पुढची घटना माझ्या म्हणण्याला सर्वांत भक्कम आधार देते. १९४८ मध्ये त्याची कामाची पद्धत बदलली गेली. ठरावीक कोष्टकं ठेवण्यासाठी यंत्रात स्विचांचे मोठे फलक होते. त्या फलकांवर आता आज्ञांचे सांकेतिक अंक लावले गेले आणि ते वाचून यंत्र चालू लागलं. ॲडेल गोल्डस्टाइन, जीन बार्टिक (आधीच्या बेटी जेनिंग्ज), क्लारा फॉन नॉयमन आणि निक मेट्रोपोलिस यांचा या बदलात मोठा वाटा होता. आधी यंत्राचे अनेक भाग एकाच वेळी राबत, आता एका वेळी एकच आज्ञा पाळली जाई. त्यामुळे एनिॲक पूर्वीपेक्षा काही पटींनी मंद झाला. तरीही जुन्या पद्धतीकडे कोणी परतलं नाही. १९५५ मध्ये बंद होईपर्यंत तो नव्याच पद्धतीने चालला. आज्ञा बदलणं दिवसांवरून तासांवर आलं, याच्यापुढे गेलेल्या वेगाची मातब्बरी कोणालाच वाटली नाही. वेग हेच खरं मोल असतं, तर हा सौदा कोणी केला नसता.

‘पहिला कोण’ या वादाचा निकाल तर न्यायालयात लागला. एनिॲकच्या पेटंटवरून हनीवेल आणि स्पेरी रँड या कंपन्यांत खटला चालला. ऑक्टोबर १९७३ मध्ये न्यायमूर्ती अर्ल लार्सन यांनी ते पेटंट रद्द ठरवलं, आणि एनिॲकच्या मुळाशी असलेल्या कल्पना जॉन अटॅनसॉफ यांच्याकडून आल्याचं नमूद केलं. आयोवा स्टेट कॉलेजातल्या अटॅनसॉफ यांनी क्लिफर्ड बेरी या विद्यार्थ्याच्या मदतीने १९४२ पर्यंत एक छोटं यंत्र उभं केलं होतं. त्यावर दुसरं काही होत नसे. २९ पर्यंत एकसामयिक समीकरणं सोडवणं एवढंच त्याचं काम. वादाचा सगळा भर ‘पहिलं इलेक्ट्रॉनिक यंत्र’ या किताबावर राहिला आणि त्या यंत्रातली सर्वांत दूरदृष्टीची गोष्ट बाजूला पडली. अटॅनसॉफ यांनी संख्या ठेवल्या होत्या फिरत्या पिंपांवर बसवलेल्या विद्युत धारित्रांमध्ये, म्हणजे कपॅसिटरांमध्ये. धारित्रातला विद्युतभार गळून जातो. म्हणून पिंपाच्या प्रत्येक फेरीत तो वाचून पुन्हा भरायचा, अशी योजना होती. नासणारी गोष्ट सतत ताजी करत राहिली तर ती टिकाऊ गोष्टीसारखी वापरता येते, हे त्यांनी ओळखलं. किताब त्यांना द्यावा की नाही यावर मतं असू शकतात. या कल्पनेचं श्रेय मात्र त्यांना मनापासून द्यायला हवं, कारण पुढच्या साठवणीच्या अनेक यशस्वी युक्त्या याच तत्त्वावर उभ्या राहिल्या.

त्यातली पहिली म्हणजे पाऱ्याची नळी. एनिॲकचे मुख्य अभियंते प्रेस्पर एकर्ट यांना रडारच्या कामातून ही युक्ती ठाऊक होती. सुमारे पाच फूट लांबीची पाऱ्याने भरलेली नळी, दोन्ही टोकांना क्वार्ट्झचे स्फटिक. विजेचा ठोका एका स्फटिकाला दिला की पाऱ्यात ध्वनीचा तरंग उठतो आणि सेकंदाच्या सुमारे हजाराव्या भागात दुसऱ्या टोकाला पोहोचतो. तिथे त्याची पुन्हा वीज करायची, ठोका ठाकठीक करायचा आणि परत पहिल्या टोकाला सोडायचा. कागद-पेन्सिल हाताशी नसलं की आपण टेलिफोन नंबर विसरू नये म्हणून तो पुटपुटत राहतो, तसंच हे. वीज ध्वनीपेक्षा अतिशय वेगवान असल्याने एका नळीत एकाच वेळी शेकडो ठोके वाटेत असू शकत, आणि त्यांच्यासाठी लागे ती केवळ दोन टोकांची मोजकी सामग्री. एनिॲकमध्ये एका संख्येला साडेपाचशे व्हॉल्व्ह खर्ची पडत होते; आता मूठभर व्हॉल्व्हमध्ये अनेक संख्या राहू शकणार होत्या. या शक्यतेवर ‘एडव्हॅक’ या पुढच्या यंत्राची आखणी सुरू झाली. ३० जून १९४५ या तारखेचा तिच्यावरचा अहवाल प्रसृत झाला तो मात्र गणितज्ञ जॉन फॉन नॉयमन यांच्या एकट्याच्या नावाने. आज्ञा आणि संख्या एकाच मेमरीत ठेवणाऱ्या रचनेला आजही त्यांचंच नाव आहे. अहवालातली तर्कशुद्ध मांडणी फॉन नॉयमन यांची आहे आणि ती असामान्य आहे. पण ज्या नळीमुळे ती मांडणी कागदावरून यंत्रात उतरण्याची आशा निर्माण झाली, ती सुचवणाऱ्या एकर्ट यांचं आणि त्यांचे सहकारी जॉन मॉकली यांचं नाव त्या मुखपृष्ठावर नाही. हे दोघंही पुढे याबद्दल कायम नाराज राहिले, आणि मला त्यांची नाराजी रास्त वाटते.

इथे एक गंभीर आक्षेप येतो. मैलाचा दगड असेल तर तो आज्ञा मेमरीत ठेवण्याच्या कल्पनेचा. पारा, काच, लोखंड हे तपशील आहेत. गणितज्ञ ॲलन ट्युरिंग यांनी १९३६ च्या निबंधातच दाखवलं होतं की, दुसऱ्या कोणत्याही यंत्राचं वर्णन पट्टीवरून वाचून तसंच वागणारं एकच सार्वत्रिक यंत्र कल्पिता येतं. मग कल्पना आधी आणि साधनं नंतर, असंच नव्हे का? यातला एक भाग मी निःशंक मान्य करतो. या कल्पनेवाचून मोठ्यातली मोठी मेमरीसुद्धा नुसती संख्यांची कोठी राहिली असती. पण ट्युरिंग यांची पट्टी अमर्याद लांब आहे आणि ती कशाची बनवायची याची चिंता त्या निबंधाला करायची नव्हती. १९४५ च्या अहवालानंतर तर कल्पना सर्वांसमोर खुली होती. अमेरिका आणि ब्रिटनमधल्या अनेक गटांनी तिच्यावर यंत्रं बांधायला घेतली, आणि जो तो अडला तो एकाच ठिकाणी: मेमरी चालत नव्हती. खुद्द एडव्हॅक काम करू लागेपर्यंत १९५१ उजाडलं. दरम्यान पहिलं यश मिळालं ते मँचेस्टरला, आणि ते कसं मिळालं हे पाहिलं की आक्षेपाचं उत्तर मिळतं.

फ्रेडरिक विल्यम्स हेही रडारच्या कामातून आलेले. त्यांनी आणि टॉम किलबर्न यांनी साध्या कॅथोड किरण नळीला, म्हणजे जुन्या टीव्हीच्या पडद्यासारख्या नळीला, मेमरीचं काम शिकवलं. इलेक्ट्रॉनचा झोत पडद्यावर पडला की तिथे विद्युतभाराचा सूक्ष्म ठिपका उमटतो. काचेबाहेर लावलेल्या धातूच्या पत्र्याने तो ओळखता येतो. ठिपका क्षणभरात विरतो. त्याआधी तो वाचून पुन्हा उमटवायचा. पाऱ्याच्या नळीत हवा तो ठोका बाहेर येईपर्यंत थांबावं लागे. इथे झोत थेट हव्या त्या ठिपक्यावर नेता येई. १९४७ च्या अखेरीस एका नळीवर २,०४८ बिट तासन् तास टिकले. पण प्रत्यक्ष संगणकाच्या धांदलीत, सेकंदाला हजारो वेळा लिहिताना-वाचताना, ते टिकतील का? ते तपासायला एक संगणकच हवा होता. म्हणून विल्यम्स, किलबर्न आणि जेफ टूटिल यांनी एक लहानसं यंत्र बांधलं, आणि त्याला पुढे ‘बेबी’ हे नाव पडलं. २१ जून १९४८ रोजी त्याने मेमरीत ठेवलेला १७ आज्ञांचा प्रोग्रॅम चालवला. २,६२,१४४ या संख्येचा, ती स्वतः सोडून, सर्वांत मोठा विभाजक शोधायचा होता. हे गणित मुद्दाम लांबवणाऱ्या पद्धतीने, एकेक संख्या तपासत, पुन्हा पुन्हा वजाबाकी करत सोडवायचं होतं. यंत्र ५२ मिनिटं चाललं, सुमारे ३५ लाख क्रिया झाल्या, आणि १,३१,०७२ हे बिनचूक उत्तर आलं. कोणत्याही शाळकरी मुलाला हे उत्तर निम्मं करून मिळालं असतं. कसोटी गणिताची नव्हतीच. ५२ मिनिटांत १,०२४ ठिपक्यांपैकी एकही चुकून बदलला नाही, ही खरी बातमी होती. मेमरीत प्रोग्रॅम ठेवून चालणारा जगातला पहिला इलेक्ट्रॉनिक संगणक अशा रीतीने मेमरीची चाचणी घ्यायला म्हणून जन्माला आला. इतिहासाने याहून स्पष्ट पुरावा काय द्यावा?

पाऱ्याची नळी पूर्ण यशस्वी झाली ती केंब्रिजला. मॉरिस विल्क्स यांचा ‘एडसॅक’ ६ मे १९४९ रोजी चालला आणि त्याने ० ते ९९ या संख्यांच्या वर्गांचं कोष्टक छापलं. विल्क्स यांनी नवं काही शोधण्याचा मोह टाळला आणि चालेल एवढी मेमरी लवकर उभी केली. परिणामी विद्यापीठातल्या संशोधकांना खरोखर वापरता येईल असा संगणक मिळाला. डेव्हिड व्हीलर यांनी तिथेच पुन्हा पुन्हा लागणाऱ्या आज्ञांचे तयार तुकडे, म्हणजे सबरूटीन, रचण्याची पद्धत बसवली. प्रोग्रॅमिंग ही स्वतंत्र विद्या म्हणून वाढू लागली ती अशा यंत्रांवर, कारण तुकडे जोडायचे तर ते ठेवायला आधी जागा लागते. प्रिन्स्टनमध्ये फॉन नॉयमन यांच्या गटाने ‘सिलेक्ट्रॉन’ नावाच्या खास नळीची वाट पाहिली. ती वेळेवर येईना, तेव्हा विल्यम्स यांच्या पद्धतीच्या ४० नळ्या बसवल्या आणि ४० बिटांच्या १,०२४ शब्दांची मेमरी साधली. या यंत्राच्या आराखड्यावरून पुढे अनेक देशांत यंत्रं झाली. पण पारा ठरावीक तापमानाला राखावा लागे आणि पडद्यावरचे ठिपके बाहेरच्या विजेच्या गडबडीने बिघडत. दोन्ही साधनांना सतत जपावं लागे.

ही जपणूक संपवली ती चुंबकीय कड्यांनी. एमआयटीमध्ये जे फॉरेस्टर यांच्या नेतृत्वाखाली ‘व्हर्लविंड’ हा संगणक होत होता. तो विमानांच्या हालचालींचा हिशेब घडत असतानाच करणार होता, त्यामुळे मेमरीने दगा दिलेला त्याला चालणार नव्हतं. त्यातल्या साठवणीच्या नळ्या महाग होत्या आणि फार टिकत नसत. हार्वर्डमध्ये आन वांग यांनी चुंबकीय गाभ्यातली नोंद वाचताना पुसली जाते, पण ती लगेच परत लिहिता येते, ही मेख सोडवली होती. फॉरेस्टर यांनी फेराइटच्या बारीक कड्यांची जाळी विणली. उभ्या तारेतून निम्मा प्रवाह, आडव्या तारेतून निम्मा. दोन्ही जिथे भेटतात त्या एकाच कड्याचं चुंबकत्व उलटतं, बाकीची हलत नाहीत. ३२ उभ्या आणि ३२ आडव्या, अशा ६४ तारांनी १,०२४ कड्यांतलं हवं ते निवडता येतं. आणि वीज गेली तरी कड्यातली नोंद जात नाही. तिला ताजं ठेवत बसावं लागत नाही. ऑगस्ट १९५३ मध्ये ही मेमरी व्हर्लविंडमध्ये बसली. मेमरीच्या देखभालीला आधी दिवसाला चार तास लागत, ते आठवड्याला दोन तासांवर आले. दोन बिघाडांमधलं सरासरी अंतर दोन तासांवरून दोन आठवड्यांवर गेलं. माझ्या मते या सगळ्या कहाणीतला सर्वांत मोठा टप्पा हाच. विमानांचं नियंत्रण, बँकांचे हिशेब, आरक्षण यांसाठी यंत्रावर विसंबता येईल हा भरवसा इथून सुरू होतो.

यावर कोणी म्हणेल की, संगणकाला घराघरांत नेलं ते ट्रान्झिस्टरने, आणि तो तर १९४७ च्या डिसेंबरातच बेल लॅब्जमध्ये तयार झाला होता. खरं आहे, पण ट्रान्झिस्टर पुढची दोन दशकं आकडेमोडीच्या मंडलांतच राबला. १९५९ चा आयबीएम ७०९० पूर्ण ट्रान्झिस्टरांचा होता, मेमरी मात्र कड्यांची, ३२,७६८ शब्दांची. चंद्रावर उतरलेल्या अपोलो यानाच्या संगणकात एकात्मिक मंडलं होती, आणि त्याच्याही मेमरीत चुंबकीय गाभ्यांतून हातांनी ओवलेल्या तारा होत्या. अर्धवाहकाने मेमरीचा बाजार खऱ्या अर्थाने काबीज करायला सुरुवात केली ती इंटेलच्या ‘११०३’ या चिपने, १९७० मध्ये. तिची क्षमता १,०२४ बिट, नेमकी ‘बेबी’च्या पडद्याएवढी. तिच्यातली नोंदही विद्युतभाराच्या रूपात राही, गळत राही, आणि ती वारंवार ताजी करावी लागे. संगणक स्वस्त आणि लहान होण्याचा धडाका यानंतरचा आहे, हा योगायोग नव्हे.

भारतातल्या पहिल्या संगणकांकडेही याच नजरेने पाहायला हवं. कलकत्त्याच्या इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूटमध्ये १९५५-५६ च्या सुमारास आलेला एचईसी-२एम ब्रिटनमधून आयात केलेला होता आणि त्याची १,०२४ शब्दांची मेमरी फिरत्या चुंबकीय पिंपावर होती. मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्थेने, म्हणजे टीआयएफआरने, होमी भाभांच्या पाठबळावर स्वतःच संगणक बांधायचं ठरवलं. १९५४ मध्ये अमेरिकेहून परतलेले आर. नरसिंहन या कामाचे सूत्रधार झाले. संस्थेच्या उपकरण विभागाची धुरा प्रा. डी. वाय. फडके यांच्याकडे होती. बहुतेक मंडळी तरुण होती आणि त्यांच्यापैकी फारच थोड्यांनी संगणक कधी हाताळला होता. त्यांनी आधी एक छोटं प्रायोगिक यंत्र केलं, ते १९५६ मध्ये चाललं, आणि मग मोठं यंत्र घेतलं. ते १९६० मध्ये वापरासाठी खुलं झालं. जानेवारी १९६२ मध्ये पंडित नेहरूंनी त्याचं ‘टिफ्रॅक’ असं नामकरण केलं. सुमारे २,७०० व्हॉल्व्ह, १,७०० जर्मेनियम डायोड, १२,५०० रेझिस्टर, आणि ४० बिटांच्या २,०४८ शब्दांची फेराइट कड्यांची मेमरी.

टिफ्रॅकवर नेहमी एक शेरा मारला जातो: यंत्र जन्मतःच जुनं होतं, कारण १९६० मध्ये जग ट्रान्झिस्टरकडे वळलं होतं. व्हॉल्व्ह मोजले तर शेरा बरोबर आहे. पण आराखडा ठरत होता तेव्हा, १९५५ च्या आसपास, कड्यांची मेमरी व्हर्लविंडमध्ये बसून जेमतेम दोन वर्षं झाली होती आणि जगातली अनेक नामांकित यंत्रं अजून पाऱ्यावर, पडद्यांवर किंवा पिंपांवर चालत होती. मुंबईतल्या गटाने पारा आणि पडदे दोन्ही ओलांडून थेट कड्यांवर उडी घेतली. प्रिन्स्टनच्या यंत्रापेक्षा टिफ्रॅकची मेमरी बरोबर दुप्पट होती, ८१,९२० बिट, आणि ती अधिक भरवशाच्या साधनावर उभी होती. ज्या प्रश्नाने मोठमोठ्या प्रयोगशाळांना वर्षानुवर्षं अडवलं, त्याचं सर्वांत चांगलं उत्तर या तरुणांनी अचूक हेरलं आणि ते हाताने उभं करून दाखवलं. याला मागासलेपणा म्हणणं अन्यायाचं आहे.

टिफ्रॅकची मर्यादाही मेमरीचीच होती, आणि ती साध्या हिशेबात दाखवता येते. ४५ ओळी आणि ४५ स्तंभांच्या एका सारणीत २,०२५ संख्या येतात. एवढी एक सारणी मुख्य मेमरीत घातली की प्रोग्रॅमला २३ शब्द उरतात. अणुभट्ट्यांची, स्फटिकांच्या रचनेची, विश्वकिरणांची गणितं घेऊन येणाऱ्या संशोधकांना याहून मोठ्या सारण्या हव्या होत्या. १९६४ मध्ये संस्थेत सीडीसी ३६०० हा अमेरिकी संगणक आला. तो ट्रान्झिस्टरांचा होता, आणि त्याच्याही मेमरीत टिफ्रॅकसारखीच फेराइटची कडी होती, फक्त संख्येने कितीतरी अधिक.